बाणाच्या क्लिपमागचा माणूस

माळा साफ करताना एखाद्या जुन्या ट्रंकेत, पंचांगे आणि पिवळ्या पडलेल्या पावत्यांच्या खाली, एक फाउंटन पेन सापडते. टोपण घट्ट बसलेले, निब वाळलेल्या शाईने काळवंडलेली, नळीवरची अक्षरे झिजून गेलेली. घरातली वडीलधारी मंडळी ‘पार्कर आहे ते’ एवढेच सांगतात. पण कोणते, कोणत्या साली बनलेले, अस्सल की नक्कल? भिंग घेऊन बसले तर पेन स्वतःच आपली कुंडली सांगू लागते. ती वाचायची तर जॉर्ज सॅफर्ड पार्कर या माणसाचे आयुष्य ठाऊक हवे, कारण पेनवरच्या बहुतेक खुणा त्या आयुष्यातल्याच आहेत.

जॉर्जचा जन्म १८६३ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या शल्सबर्गचा. तारायंत्राचे शिक्षण घ्यायला तो जेन्सव्हिल गावी आला आणि शिकून झाल्यावर त्याच शाळेत मास्तर झाला. पगार तुटपुंजा. म्हणून जॉन हॉलंड कंपनीची पेने विद्यार्थ्यांना विकून तो चार पैसे जोडत असे. ही पेने गळायची. कधी शाई अडायची, कधी भळकन कागदावर सांडायची, आणि तार उतरवून घेणाऱ्या पोरांचे हात निळेकाळे व्हायचे. पोरे पेन घेऊन परत यायची ती मास्तरांकडेच. दुसरा एखादा विक्रेता ‘कंपनीला लिहा’ म्हणून मोकळा झाला असता. जॉर्जला ते जमले नाही. ज्यांना रोज वर्गात तोंड दाखवायचे, त्यांचेच पैसे आपण घेतले आहेत, ही टोचणी असावी. लहानसहान हत्यारे आणून तो शाळा सुटल्यावर पेने उघडून दुरुस्त करू लागला. दुसऱ्यांची इतकी पेने उघडल्यावर आपलेच का करू नये, हा विचार यायला फार वेळ लागला नाही. १८८८ साली त्याने पेनचा व्यवसाय सुरू केला आणि १८८९ मध्ये पहिले पेटंट मिळवले. भांडवल मात्र नव्हते. ते १८९१ मध्ये डब्ल्यू. एफ. पामर या विमा व्यावसायिकाने हजार डॉलर देऊन आणि निम्मा हिस्सा घेऊन पुरवले.

गळण्याचे खरे कोडे सुटले ते १८९४ मध्ये. पेन खिशात उभे ठेवले तरी निबेखालच्या जिभेच्या खाचेत थोडी शाई अडकून राहते. अंगाच्या उबेने नळीतली हवा फुगते आणि ती शाई टोपणात ढकलते. पुढच्या वेळी टोपण काढले की बोटे रंगली. जॉर्जने जिभेचे मागचे शेपूट वाकवून नळीच्या आतल्या भिंतीला टेकवले. त्यामुळे अडकलेली शाई भिंतीवरून ओघळून खाली जाऊ लागली. या युक्तीचे नाव ‘लकी कर्व्ह’. जुन्या पेनच्या नळीवर ही अक्षरे दिसली किंवा जिभेला असे वाकडे शेपूट असले, तर पेन त्याच्या पहिल्या काळातले समजावे.

पुढे धंदा वाढत गेला. १९०३ मध्ये कोपनहेगनला परदेशातला पहिला वितरक नेमला गेला. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या गोळ्यांचे पेन निघाले. मोठा जुगार होता तो १९२१ चा. बहुतेक पेने काळी असण्याच्या त्या दिवसांत ल्यूइस टेबेल या विक्रेत्याच्या आग्रहावरून नारिंगी-लाल रंगाचे, भलेथोरले ‘ड्युओफोल्ड’ बाजारात आले. किंमत सात डॉलर. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हे. वर पंचवीस वर्षांची हमी! लोकांनी ते अक्षरशः उचलून धरले. मागच्या टोकाचे छोटे टोपण फिरवून काढल्यावर शाई भरायचे बटण दिसले आणि अंग कठीण लाल रबराचे निघाले, तर आपल्या हाती १९२६ पूर्वीचा ड्युओफोल्ड असू शकतो. त्या वर्षापासून रबराऐवजी प्लास्टिक आले.

१९३३ मध्ये आतली शाई बाहेरून दिसणारे, पट्ट्यापट्ट्यांचे ‘व्हॅक्युमॅटिक’ आले आणि त्याबरोबर बाणाच्या आकाराची क्लिप. १९३८ नंतरच्या अमेरिकी पेनांच्या नळीवर एक बारीक आकडा असतो. तो वर्षाचा शेवटचा अंक. त्याच्या भोवती तीन ठिपके असतील तर वर्षाची पहिली तिमाही, दोन असतील तर दुसरी, एक असेल तर तिसरी, आणि ठिपकाच नसेल तर शेवटची. आकडा ‘१’ असेल तर १९४१ की १९५१ हे मात्र मॉडेलवरूनच ठरवावे लागते.

एक सावधगिरी. सापडलेले पेन गरम पाण्यात टाकू नये. जुन्या रबराचा रंग जातो. साध्या गार पाण्यात रात्रभर निब भिजू द्यावी आणि घट्ट बसलेल्या भागाशी झटापट करू नये.

आपल्याकडे ‘पार्कर’ म्हणून जपलेली बरीच पेने निब झाकलेली असतात. त्यांतली कितीतरी चिनी ‘हिरो’ निघतात, कारण हिरोने ‘पार्कर ५१’ चेच रूप उचलले, अगदी बाणासकट. म्हणून क्लिपवर विसंबू नये, नळीवरचे आणि टोपणावरचे नाव वाचावे. आणि पेन अस्सल ‘५१’ निघाले, तरी ते जॉर्जच्या हातून गेलेले नसते. ते बाजारात आले १९४१ मध्ये, त्याचा मुलगा केनेथ याच्या काळात. जॉर्ज पार्कर १९३७ च्या जुलैमध्येच शिकागो येथे वारला होता. बाण तेवढा त्याने पाहिलेला.