रमाबाई रानडे : पाटीपासून परिचर्येपर्यंत

माझी धाकटी मुलगी बारावी झाली आणि परिचारिका होईन म्हणते. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि पदवी चार वर्षांची. शेजारणी म्हणाल्या, पदवी नसेल तर त्या शिक्षणाला काय किंमत? त्या वेळी मला रमाबाई रानडे आठवल्या.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. यजमानांनी मुळाक्षरांपासून शिकवले, पुढे इंग्रजीही शिकवले. घरातल्या बायकांचे टोमणे सोसून त्या शिकत राहिल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. दुःखातून सावरून रमाबाईंनी इतर स्त्रियांकडे पाहिले. १९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले, त्याच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तेथे विधवा येत, निराधार बाया येत. कित्येकींनी कधी पाटीही धरली नव्हती. अशांसाठी आधी लिहिण्यावाचण्याचे वर्ग काढले. पुढे ससून रुग्णालयात सुईणीचे आणि परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय झाली. काही जणी डॉक्टरीच्या वर्गापर्यंतही पोहोचल्या.

त्या काळी परक्या रोग्याला शिवणे, रात्रपाळी करणे हे घरंदाज बाईला कमीपणाचे वाटे. सेवासदनाने या कामाला मान मिळवून दिला.

या पायऱ्यांमागचा अर्थ आपल्याला घरातही कळेल. वाचता येत नसेल तर औषधाची चिठ्ठी कशी उमगणार, तापाचा आकडा कसा टिपणार? शिकलेल्या सुईणीला सरळ बाळंतपण करता आले पाहिजे. पण अडलेली बाई वेळीच ओळखून डॉक्टरांना बोलावणे, हेही तिचेच शिक्षण. परिचारिकेने रोग्यातला बदल सर्वांआधी हेरायचा, मात्रा चुकू द्यायची नाही. शिक्षण वाढते तशी जबाबदारी वाढते. आपली पायरी न ओळखता वरचे काम हाती घेतले, तर रोग्याच्या जिवावर बेतते. खालची पायरी मात्र हलकी नसते. ती नीट बांधलेली नसेल तर वरची टिकत नाही.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. ज्या बाईने सासरी मुळाक्षरे गिरवली, तिने शेकडो बायांना शिक्षणाची वाट दाखवली.

मी स्वतः सातवीपर्यंत शिकले. माझ्या मुलीला मी सांगितले, की जी पायरी आज चढवेल ती चढ, ते काम चोख कर आणि तिथेच बसून राहू नकोस. जीएनएमनंतर पदवीही घेता येते. घाटकोपरच्या आपल्या मंडळातल्या कुणाच्या घरी अशी मुलगी असेल, तर तिची पायरी लहान म्हणून तिला हिणवू नका. चढताना हात द्या.