भूमीचे आचार्य : आल्डो लिओपोल्ड

अमेरिकेतील आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी बर्लिंग्टन नावाचे शहर आहे. तेथे नदीवरील उंच कड्याजवळच्या एका घरात ११ जानेवारी १८८७ रोजी आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म झाला. दर वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत रानबदकांचे व कलहंसांचे थवे या नदीच्या मार्गाने प्रवास करीत. लहानगा आल्डो ते पाहत तासन् तास बसे.

त्याचे वडील कार्ल हे लिहिण्याची मेजे तयार करणारे कारखानदार होते. त्यांना शिकारीचा नाद होता. पण तो बेबंद नव्हता. वसंत ऋतू हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. त्या काळातही शिकारीला बंदी नव्हती, तरी त्यांनी आपण होऊन ती थांबविली. कोणी पाहत नसताना पाळलेला हा संयम आल्डोने जवळून पाहिला. तो संस्कार जन्मभर टिकला.

त्या काळी अमेरिकेत जंगलतोडीला सुमार नव्हता. एकेकाळी आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे नाहीसे होत चालले होते. त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४ साली एका प्राणिसंग्रहालयात मरण पावले. वनांचा सांभाळ करावयाचा तर त्याचे शास्त्र शिकलेली माणसे हवीत, हे काही विचारवंतांनी ओळखले होते. म्हणून १९०० साली येल विद्यापीठात वनशास्त्राची शाळा निघाली. आल्डो तेथे शिकले आणि १९०९ साली पदव्युत्तर पदवी घेऊन सरकारी वनखात्यात दाखल झाले. त्यांची नेमणूक दूरच्या ॲरिझोना प्रांतात झाली.

तेथील डोंगरांत एके दिवशी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना नदी ओलांडणारी एक लांडगीण दिसली. तिची पिल्ले तिच्याभोवती खेळू लागली. लांडगे कमी झाले, म्हणजे हरिणे वाढतील, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. सर्वांनी धडाधड गोळ्या झाडल्या. लांडगीण कोसळली. आल्डो जवळ गेले, तेव्हा तिच्या डोळ्यांतील हिरवे तेज हळूहळू मावळत होते. ते दृश्य त्यांच्या मनावर कोरले गेले. तरीही त्याचा अर्थ त्यांना लगेच उमगला नाही. पुढे कित्येक वर्षे लांडग्यांचा नायनाट करावा, असेच ते सांगत राहिले.

१९१३ साली एका दौऱ्यात ते वादळात सापडले आणि मूत्रपिंडाच्या विकाराने मरणाच्या दारी पोहोचले. प्रकृती सुधारण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. पुढे त्यांच्याकडे रानातील प्राणी आणि विहारासाठी येणारे प्रवासी यांसंबंधीचे काम आले. मोटारी वाढत होत्या, त्यांच्यासाठी रानोरान रस्ते खोदले जात होते. लोकांनी वनात यावे, हे आल्डोंना मान्य होते. परंतु सर्वच वनांत रस्ते झाले, तर खरे अरण्य उरणार कोठे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. १९२२ साली त्यांनी न्यू मेक्सिकोतील गिला नदीच्या उगमाकडील प्रदेश जसाच्या तसा राखण्याची सूचना केली. ३ जून १९२४ रोजी ती मान्य झाली. सुमारे साडेसात लाख एकर अरण्य रस्त्यांवाचून राहिले. तेथे जावयाचे, ते पायी किंवा घोड्यावरून!

त्याच वर्षी आल्डो विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे आले. १९३३ साली वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना त्या विषयाचे प्राध्यापक नेमले. अमेरिकेत या विषयाचे ते पहिलेच प्राध्यापक होत. त्यांचा वर्ग चार भिंतींत मावत नसे. ते विद्यार्थ्यांना शेतात, ओढ्याकाठी, माळावर नेत. ओढ्याचे पाणी गढूळ का झाले? या कुंपणातील पक्षी कोठे गेले? अशा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी डोळे उघडे ठेवून स्वतः शोधावीत, असा त्यांचा आग्रह असे. विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात नांगरलेल्या जमिनीवर पूर्वीचे गवताळ रान पुन्हा उभे करण्याचा प्रयोगही त्यांच्या मार्गदर्शनाने झाला.

जे शिकवावे, ते आधी स्वतः करावे, अशी त्यांची वृत्ती होती. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक निकस झालेले शेत विकत घेतले. तेथे कोंबड्यांचे एक जुने खुराडे तेवढे उभे होते. पत्नी एस्टेला आणि पाच मुले यांच्यासह त्यांनी ते झाडून राहण्याजोगे केले. मग सर्वांनी मिळून पाइनची रोपे लावली. पहिली बहुतेक रोपे दुष्काळात जळून गेली. पण कुटुंबाने हार मानली नाही. दर वसंतात नवी रोपे लागत राहिली. हळूहळू त्या उजाड वाळूवर हजारो झाडे डोलू लागली.

एव्हाना त्या लांडगिणीचा अर्थ त्यांना पुरता उमगला होता. लांडगे संपलेल्या मुलखात हरिणांची संख्या बेसुमार वाढे. ती कोवळी रोपे फस्त करीत आणि हिवाळ्यात उपासमारीने मरत. विस्कॉन्सिनमध्ये हेच घडू लागले, तेव्हा हरिणांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी माद्यांच्याही शिकारीला मोकळीक द्यावी, असे त्यांनी सांगितले. लोक खवळले. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, हे मान्य करण्यास जे कचरले नाहीत, ते लोकनिंदेला काय भिणार? आपला बदललेला विचार त्यांनी १९४४ साली एका लेखात मोकळेपणाने मांडला.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतात गवताला आग लागली. ती विझविण्यासाठी आल्डो धावले आणि तेथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. त्यांचे निबंधांचे पुस्तक छापण्याचे एका प्रकाशनसंस्थेने नुकतेच मान्य केले होते. ते १९४९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. माती, पाणी, वनस्पती, पशुपक्षी आणि माणूस हे एकाच समाजाचे घटक आहेत. माणूस हा त्या समाजाचा धनी नसून एक सभासद आहे, हे त्या पुस्तकाचे सार होय.

गिलाचे अरण्य आजही राखलेले आहे आणि नदीकाठचे ते खुराडेही जतन केलेले आहे. आल्डोंनी लावलेली पाइनची झाडे त्याच्या सभोवती उंच वाढली आहेत.