आठवड्याचा सातवा दिवस : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या वसतिगृहात रविवार हा भेटीचा वार. सकाळपासूनच फाटकाशी आईबाप येऊन बसतात. कोणाच्या हाती भाकरीचे गाठोडे असते, कोणाच्या हाती शेंगदाण्याचे लाडू. जे पालक कंपनीत वा कार्यालयात आहेत, ते सुट्टी म्हणून येतात. जे जिनिंगमध्ये वा वीटभट्टीवर आहेत, त्यांना यायचे तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. हा फरक आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणूनच या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा ज्यांनी कामगारांना रविवार मिळवून दिला, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचेच चरित्र प्रथम मनात आले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका सामान्य फुलमाळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात काही काळ नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांना घडविले होतेच. गिरणीने त्या विचाराला कामाचे क्षेत्र दिले.

त्या काळची गिरणी कशी होती, हे आजच्या वाचकाने नीट डोळ्यांसमोर आणावे. आपल्या वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस जाई आणि त्याचे सूत जिथे निघे, तिथे हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असत. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून हवा दमट राखली जाई. वारा खेळेल अशी सोय नसे. माणसाच्या छातीपेक्षा धाग्याची काळजी अधिक! विजेचे दिवे अद्याप आले नव्हते, तेव्हा काम सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. दुपारी भाकरी खाण्यास पुरेशी उसंत नाही, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, आणि सणावारी सुट्टी मिळालीच तरी यंत्रे पुसण्यासाठी अनेकांना यावे लागे. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयी मात्र तो कायदा गप्प होता. सात वर्षांचे मूल म्हणजे आमच्या शाळेतील दुसरीचा विद्यार्थी.

लोखंडे यांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' या पत्राची धुरा स्वीकारली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले हे पत्र आता मुंबईहून निघू लागले आणि गिरणीच्या भिंतीआडचे जगणे छापून येऊ लागले. सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि यंत्रात सापडून जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन व कायमचा पांगळा झालेल्यास निर्वाहाची तजवीज. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या यादीचे नवल वाटते ते असे की तिच्यात पगारवाढ नाही. वेळ, विश्रांती आणि शरीर, एवढेच मागितले आहे.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. रविवारच का, या प्रश्नाला लोखंडे यांचे उत्तर होते की तो खंडोबाचा वार, बहुजनांचा वार; शिवाय सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस समाजासाठी हवा. आमच्या मते यांतील दुसरे कारण अधिक मोलाचे. विश्रांती म्हणजे केवळ झोप नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे आमच्या विद्यार्थिनींनी विसरू नये. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले आणि मुलांचे किमान वय नऊ झाले. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडण्यास मात्र १९११ साल उजाडावे लागले.

त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला देशातील पहिली कामगार संघटना म्हणतात. तिला वर्गणी नव्हती, घटनाही नव्हती. म्हणून काही अभ्यासक तिला संघटना मानावयास कचरतात. हा आक्षेप खोटा नाही, पण वर्गणीची पावती नसलेल्या हजारो माणसांनी तिच्या हाकेला ओ दिली, हेही खोटे नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी उभारलेल्या लढ्यामागेही लोखंडे होते.

एक दालन मात्र बंदच राहिले. गिरणीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होतो, अशी समजूत. खरे तर त्या एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागणे सर्वांच्याच आरोग्यास घातक. पण भीती रोगाची नव्हती, जातीची होती. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी पुढे आणला. व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी आखलेल्या सुधारणेतूनच १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळत होती. लोखंडे राहिले; रुग्णांसाठी इस्पितळ उभे करून ते सेवेत उतरले आणि तिथेच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या.

२००५ साली डाक विभागाने लोखंडे यांचे टपाल तिकीट काढले. त्यांनी तरुणपणी ज्या खात्यात नोकरी केली, तेच ते खाते.