बाबासाहेब आणि आमच्या सहा एकर बांध्या

गेल्या दिवाळीत आम्ही तिघे भाऊ गावी जमलो. निमित्त सणाचे होते, पण खरा विषय वाटणीचा. मोहाडी तालुक्यातले आमचे गाव, सारा धानाचा मुलूख. आजोबांच्या नावावर सहा एकर बांध्या होत्या. त्यांना तीन मुलगे, प्रत्येकाला दोन एकर मिळाले. वडिलांच्या दोन एकरांचे आता आम्ही तिघे वारस. म्हणजे माणशी सव्वीस-सत्तावीस गुंठे! त्यातून धुरे वजा केले तर उरते काय? बुटीबोरीला एका कारखान्यात कामाला असलेला पुतण्या म्हणाला, विकून टाका आणि मोकळे व्हा. मधला भाऊ अजून स्वतः चिखलात उतरून रोवणी करतो. तो भरल्या ताटावरून उठला. मी थोरला, त्यातून निवृत्त शिक्षक, तेव्हा निवाडा करायचा तो मीच, असे सर्वांनी गृहीत धरले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवत होती ती आमच्या घरात फारशा अभिमानाने न सांगितली जाणारी एक गोष्ट. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. एक उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मतदारसंघ दोन जागांचा, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मते. आजोबांनी दोन्ही दिली, पण त्यांतले एकही बाबासाहेबांना नाही. ते आपले पुढारी नव्हेत, एवढेच कारण. वडिलांनी उतारवयात हे मला सांगितले, तेही मान खाली घालून. आमच्या सहा एकरांचे पुढे काय होणार, हे ज्या माणसाने १९१८ सालीच कागदावर मांडून ठेवले होते, त्याला आम्ही आमच्याच दारात ओळखले नाही.

पलटणीतून चाळीत

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून, दलितांचे उद्धारकर्ते म्हणून ओळखतो. ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, ही ओळख मात्र मागे पडते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे, पण वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. ज्यांच्या वाट्याला गावात गावकीची कामे आणि वतनाच्या नावाखाली जन्माची बांधिलकी, त्यांना लष्कराच्या पगाराने गावाबाहेरची वाट दाखवली. रामजींना शाळा, पुस्तके आणि मुलांच्या शिक्षणाची जिद्द लाभली ती याच वाटेवर. शेतीगावातून बाहेर पडणे म्हणजे काय, हे बाबासाहेब पुस्तकात वाचण्याआधी घरातच शिकले होते.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या चाळीत राहू लागले. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए., आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तिथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत गेले, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला तिथे राहायला जागा कोणी देईना. अपमान गिळून ते मुंबईला आले.

बडोदे संस्थानात त्याच सुमारास शेतीच्या तुकड्यांचा प्रश्न एका समितीपुढे होता. विखुरलेले तुकडे एकत्र करावेत, जमिनीची किमान मर्यादा ठरवावी, मग शेती सुधारेल, असा त्या काळच्या जाणकारांचा सूर होता. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला आणि प्रश्न उलटा करून दाखवला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात तो आहे. त्या रात्री मी कपाटातून तोच खंड काढला.

रोग जमिनीचा नव्हे

निबंधाचा गाभा साधा आहे. जमीन लहान की मोठी, हे नुसते एकर मोजून ठरत नाही. तिच्यावर किती माणसे, किती बैल, किती अवजारे आणि किती भांडवल लागले आहे, त्यावर ते ठरते. आपल्याकडे माणसे भरमसाट आणि अवजारे-भांडवल तुटपुंजे. शेतात दोघांचे काम असताना पाच जण राबतात; त्यातले तिघे काही वाढवत नाहीत, पण जेवतात पाचही. मग शिल्लक पडायची कुठून, आणि शिल्लक नसेल तर विहीर, बियाणे, बैल यायचे कुठून? बांध मोडून तुकडे जोडले तरी ही जास्तीची माणसे कुठे जाणार? त्यांनी काढलेला उपाय शेतीबाहेरचा होता. देशात उद्योग वाढवा, माणसांना शेतीबाहेर काम द्या. जमिनीवरचा भार हलका होईल आणि तुकडे आपोआप मोठे होत जातील.

शेतीच्या रोगाचे औषध कारखान्यात, हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटले असेल. ज्या काळात खेड्याकडे परत चला असे आदराने सांगितले जात होते, त्या काळात हा माणूस खेड्यातून बाहेर पडण्याची वाट मागत होता. त्यामागे अर्थशास्त्र होते, तसाच आंबडव्याचा अनुभवही होता. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याला गाव पाण्याजवळ येऊ देत नाही, त्याला खेड्याचे गोडवे कसे सुचणार?

पण कारखाना आला की सारे सुरळीत होईल, अशा भ्रमातही ते नव्हते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धागा जोडताना तोंडाने ओढावा लागे, त्याला थुंकी लागे, आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. चिमणीच्या धुराने जात जळत नाही, हे त्यांनी परळमध्ये जवळून पाहिले होते. म्हणून १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ साली मुंबई विधिमंडळात कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप घडवला. कुळ आणि कामगार ही दोन माणसे नसून एकाच माणसाच्या आयुष्यातले दोन मुक्काम आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंतची ही चार वर्षे त्यांच्या चरित्रात फार भरभर उलटली जातात. पण १९१८ चा कागद खऱ्या कारभारात उतरला तो इथेच. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीवरच्या धरणाचा विचार, जल आणि वीज यांसाठी केंद्रीय यंत्रणा ही कामे त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. स्वस्त वीज नाही तर उद्योग नाही, आणि उद्योग नाही तर शेतकऱ्याची सुटका नाही, अशी ती साखळी होती.

दुसऱ्या बाजूने कारखान्यातल्या माणसाचीही त्यांनी सोय पाहिली. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सेवायोजन कार्यालये निघाली. कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी झाला. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतिकाळच्या लाभाचा कायदा सुधारला. तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत डोक्यावर टोपली घेऊन राबणाऱ्या आमच्या भागातल्या बायांना हे कायदे कोणी केले, ते बहुधा कधी कळले नसेल.

विडी आणि रोवणी

आमच्या जिल्ह्याचा पहिला घराघरांत पोचलेला उद्योग म्हणजे विडी. माझी आजी आणि आई दोघी विड्या वळत. संध्याकाळी तेंदूची पाने भिजवायची, सकाळी कापायची, मांडीवर सूप घेऊन हजारी पुरी करायची आणि सट्टेदाराकडे नेऊन द्यायची. त्याने छाट काढून जे पैसे दिले ते घ्यायचे. मीठ-मिरची, आमच्या वह्या, औषधपाणी त्यातून होई. सहा एकरांतले धान खायला पुरे, पण रोख पैसा दिसे तो विडीचाच.

रोवणीच्या दिवसांत मजूर विड्या वळत बसतात, शेतावर येत नाहीत, अशी मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार असे. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने चक्क कायदा केला, की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळण्यास बंदी घालता यावी. भंडारा तेव्हा याच प्रांतात. सागर जिल्ह्यातल्या गावांवर अशी बंदी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हातारे, अपंग, शेतकाम न झेपणारे लोक यांचीही भाकरी ही बंदी काढून घेत होती. आधार होता नव्या घटनेतल्या १९ व्या कलमाचा, म्हणजे आपल्या पसंतीचा धंदा करण्याच्या हक्काचा. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, ते सांगायला नको. माणसाला शेतात अडकवून ठेवता येणार नाही, हे त्या घटनेने आमच्या आजीसारख्यांसाठी मिळवून ठेवले.

भंडाऱ्याचा उन्हाळा

आणि तेच बाबासाहेब १९५४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मते मागायला आले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले होते, १९५२ साली मुंबईत पराभव पत्करला होता. मधुमेह आणि सांधेदुखीने शरीर थकले होते. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे, म्हणजे आपला विजय सोपा होईल, असे काही कार्यकर्त्यांनी सुचवले आणि घटनाकाराने ते साफ नाकारले, अशी आठवण आमच्याकडे आजही सांगतात. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी भंडाऱ्यापासून साठ किलोमीटरवरच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला ते गेले.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आमच्याकडे जवाहरनगरचा आयुध निर्माण कारखाना आला, नंतर गडेगावला ट्रक, वरठीजवळ पोलाद. पोरे सायकलींवर पहिल्या पाळीला जाऊ लागली. आज राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा आहे. पण २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेतकरी नाहीतर शेतमजूरच होते. उत्पन्न शेतीतून बाहेर पडले, माणसे मात्र तिथेच राहिली! १९७०-७१ साली राज्यात एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर उरली. आमच्या धानपट्ट्यात त्याहूनही कमी. बाबासाहेबांच्या औषधाचा अर्धाच डोस आपण घेतला.

जी बाहेर पडली, त्यांचेही सारे बरे आहे असे नाही. जवाहरनगरला जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात कामगार गेले, तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला. आणि माझा पुतण्या? दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठून विचारले, तेव्हा कळले की आठ वर्षे झाली तरी तो कंत्राटीच आहे. जमीन विकायची ती हौस म्हणून नव्हे; उद्या काम सुटले तर हाताशी काही असावे म्हणून. म्हणजे एका भावाला जमीन पुरत नाही आणि दुसऱ्याच्या लेकाला कारखाना पुरता आपलासा करत नाही.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात तुकडेबंदीच्या विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी दुसरी वाट सुचवली होती. मालकी ज्याची त्याची राहू द्या, शेती मात्र मिळून करा. मी तोच निवाडा दिला. सातबाऱ्यावर नावे तिघांची, बांध्या कसणार मधला भाऊ. खर्च वजा जाता जे धान होईल त्यातला आमचा वाटा पुतण्याच्या नावाने बँकेत, त्याला कायमची नोकरी मिळेपर्यंत. मधला भाऊ ताटावर परत बसला. पुतण्या फार खूश नव्हता, पण हो म्हणाला.

आजोबांचे ते मत आता परत घेता येत नाही. पण जाण्याआधी धुऱ्यावर उभा राहून कापणीला आलेले धान पाहिले आणि वाटले, सत्तर वर्षे उशिरा का होईना, आमच्या घरातून बाबासाहेबांना एक मत पडले.