आल्फ्रेड वेर्नर

आल्फ्रेड वेर्नर (१२ डिसेंबर १८६६ – १५ नोव्हेंबर १९१९) हे स्विस रसायनशास्त्रज्ञ होते. धातूचा अणू आपल्याभोवती इतर अणू, रेणू वा आयन ठरावीक संख्येने आणि ठरावीक भूमितीय रचनेत धरून ठेवतो, हा सिद्धांत त्यांनी १८९३ मध्ये मांडला. अशा संयुगांना सहसंबद्ध संयुगे म्हणतात. या कार्यासाठी त्यांना १९१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिसे, प्लॅटिनम यांसारखे जड धातू कार्बॉक्सिलिक अम्लांशी कसे बांधले जातात, याचे आजचे स्पष्टीकरण त्यांच्याच सिद्धांतावर उभे आहे.

बालपण व शिक्षण

वेर्नर यांचा जन्म अल्सास प्रांतातील म्युलूझ या गावी एका कामगार कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि १८७१ मध्ये अल्सास जर्मनीत गेला. घरच्यांचा ओढा मात्र फ्रान्सकडेच राहिला. रसायनशास्त्राची गोडी त्यांना शाळकरी वयातच लागली. कार्ल्सरूहे येथे सक्तीची लष्करी सेवा करीत असताना त्यांनी तेथील तंत्रविद्यालयात व्याख्याने ऐकली. १८८६ मध्ये ते झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. आर्थर हांच यांच्या मार्गदर्शनाखाली नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुगांतील अणूंच्या अवकाशीय रचनेवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १८९० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी पॅरिसमध्ये मार्सेलँ बेर्तलो यांच्याकडे काम केले.

सहसंबद्ध संयुगांचा सिद्धांत

कोबाल्ट क्लोराइड व अमोनिया यांपासून बनणारी रंगीत संयुगे त्या काळी कोडे ठरली होती. कोबाल्टची संयुजा तीन क्लोरीन अणूंनी पूर्ण होते. तरीही त्यात अमोनियाचे चार, पाच किंवा सहा रेणू आणखी सामावतात. कोपनहेगनचे सोफुस मॅड्स योर्गेन्सेन यांनी या संयुगांचा अत्यंत काटेकोर अभ्यास केला होता. अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात, असे ते मानत.

वेर्नर यांनी ही साखळी नाकारली. धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात, असे त्यांनी सुचवले. प्राथमिक संयुजा विद्युतभार संतुलित करते, तर दुय्यम संयुजा धातूभोवतीच्या जागांची संख्या ठरवते. कोबाल्टभोवती अशा सहा जागा अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर असतात. या जागांवर बसलेले क्लोरीन घट्ट बांधलेले राहते, तर बाहेरचे क्लोरीन द्रावणात आयनरूपाने सुटे होते. सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर सहा अमोनिया असलेल्या संयुगातील तिन्ही, पाच असलेल्यातील दोन आणि चार असलेल्यातील एकच क्लोरीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. याचा उलगडा आता झाला. आर्तुरो मिओलाती यांच्यासह केलेल्या विद्युतवाहकतेच्या मोजमापांनीही याला पुष्टी दिली.

हा सिद्धांत प्रसिद्ध झाला तेव्हा वेर्नर २६ वर्षांचे होते. या संयुगांवर त्यांचे स्वतःचे प्रयोग जवळजवळ नव्हतेच. योर्गेन्सेन यांनी त्यावर आक्षेप घेतले. पुढची दोन दशके वेर्नर यांना पुरावे जमवण्यात घालवावी लागली.

पुरावे

१८९३ मध्येच वेर्नर झ्युरिक विद्यापीठात रुजू झाले आणि १८९५ मध्ये तेथे प्राध्यापक झाले. अष्टफलकाची रचना खरी असेल, तर चार अमोनिया व दोन क्लोरीन असलेल्या कोबाल्ट संयुगाचे नेमके दोन समघटक असावे लागतात. हिरवा समघटक ठाऊक होता, जांभळा मात्र मिळत नव्हता. वेर्नर यांनी तो १९०७ मध्ये तयार केला आणि योर्गेन्सेन यांनी आपला विरोध मागे घेतला. ज्या संयुगांवर नव्या सिद्धांताची उभारणी झाली, त्यांतील कित्येक प्रथम योर्गेन्सेन यांनीच बनवली होती.

१९११ मध्ये अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंग यांच्या साहाय्याने त्यांनी एका कोबाल्ट संयुगाचे, एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले दोन प्रकार वेगळे केले. असे प्रकार ध्रुवित प्रकाशाचे प्रतल परस्परविरुद्ध दिशांना वळवतात. हा गुण संयुगातील कार्बनमुळे आला असावा, अशी शंका घेतली जाऊ लागली. तेव्हा १९१४ मध्ये कार्बनचा एकही अणू नसलेल्या कोबाल्ट संयुगातही त्यांनी तोच गुण दाखवून दिला.

कार्बॉक्सिलिक अम्ले व जड धातू

ऑक्झॅलिक अम्लात दोन कार्बॉक्सिल गट असतात. हायड्रोजन गमावल्यावर त्यांतील ऑक्सिजन अणू धातूला दोन ठिकाणी धरतात आणि धातूसह पाच अणूंचे कडे तयार होते. अशी तीन कडी मिळून धातूच्या सहाही जागा भरतात. क्रोमियमच्या अशा संयुगाचे आरशातील प्रतिमांसारखे दोन प्रकार वेर्नर यांनी १९१२ मध्ये वेगळे केले. त्यानंतर रोडियम या जड धातूच्या बाबतीतही त्यांना यश आले.

हेच तत्त्व नित्याच्या व्यवहारातही आढळते. चिंचेतील टार्टारिक अम्ल काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्यावरील ऑक्साइड विरघळवून तांब्याचे आयन बांधून घेते, म्हणून भांडे उजळते. याच कारणाने कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते. चार कार्बॉक्सिल गट व दोन नायट्रोजन अणू असलेले ईडीटीए धातूच्या सहाही जागा एकटेच व्यापू शकते. त्याचे कॅल्शियमयुक्त लवण शिशाच्या विषबाधेवर दिले जाते. शरीरातील शिसे कॅल्शियमची जागा घेते आणि लघवीवाटे बाहेर पडते. कर्करोगावरील कार्बोप्लॅटिन व ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांत प्लॅटिनम दोन कार्बॉक्सिल गटांशी बांधलेले असते. प्लॅटिनमची अशी संयुगे समतल चौकोनी असतात, हे अनुमानही वेर्नर यांनी १८९३ मध्येच मांडले होते.

अखेरची वर्षे व वारसा

१८९४ मध्ये त्यांचा एमा गिस्कर यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. त्यांच्या प्रयोगशाळेत अनेक देशांचे विद्यार्थी शिकले. १९०१ मध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडिथ हम्फ्री या त्यांपैकीच एक. नोबेलनंतर काही वर्षांतच रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकाराने त्यांना ग्रासले. व्याख्याने देणे अशक्य झाल्याने १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. त्यानंतर महिनाभरातच, वयाच्या ५२ व्या वर्षी, झ्युरिक येथे त्यांचे निधन झाले.

रासायनिक बंध इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बनतो, ही कल्पना १९१६ मध्ये पुढे आली. अणूंतील इलेक्ट्रॉनांची रचना ठाऊक नसताना, केवळ रंग, साका, वाहकता आणि समघटकांची संख्या यांवरून वेर्नर यांनी काढलेली अष्टफलकाची रचना पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या स्फटिकांच्या अभ्यासातही खरी ठरली.