काशीचे बाबूराव पराडकर

काशी म्हटले की मराठी मनाला गागाभट्ट आठवतात, तेथे जन्मलेली झाशीची राणी आठवते. त्याच काशीच्या आणखी एका मराठी सुपुत्राचे नाव उत्तर भारतात आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते थोड्यांनाच ठाऊक आहे. हे सुपुत्र म्हणजे हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे एक थोर शिल्पकार, संपादक बाबूराव विष्णू पराडकर.

त्यांचे वडील विष्णुशास्त्री महाराष्ट्रातून येऊन काशीत स्थायिक झाले होते. १६ नोव्हेंबर १८८३ रोजी तेथेच बाबूरावांचा जन्म झाला. आधी संस्कृताचे अध्ययन आणि मग भागलपुराहून मॅट्रिक, असे त्यांचे शिक्षण झाले. १९०६ साली ते ‘हिंदी बंगवासी’ पत्रात काम करण्यासाठी कलकत्त्यास गेले. तेथे त्यांना मामा सखाराम गणेश देऊस्कर यांचा सहवास लाभला. मराठी घरात जन्मलेल्या देऊस्करांनी ‘देशेर कथा’ हा गाजलेला ग्रंथ बंगालीत लिहिला होता. भाच्याने तो हिंदीत आणला. मामाने बंगाली आपलीशी केली, भाच्याने हिंदी. मायबोलीशी नाते मात्र तुटले नाही. बंगाल नॅशनल कॉलेजात बाबूराव हिंदीबरोबर मराठीही शिकवीत असत.

‘हितवार्ता’चे संपादन केल्यावर १९११ मध्ये ते ‘भारतमित्र’चे संयुक्त संपादक झाले. फिजी बेटांवरील उसाच्या मळ्यांत त्या काळी हजारो हिंदी मजूर करारबद्ध होऊन राबत होते. त्यांपैकी कुंती नावाच्या स्त्रीने गोऱ्या ओव्हरसियरच्या तावडीतून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. तिची कहाणी १९१४ मध्ये ‘भारतमित्र’नेच छापली आणि देशभर संतापाची लाट उसळली. पुढे ही मजूरभरती बंद झाली आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करारही रद्द झाले. दूरदेशी गेलेल्या आपल्या माणसांचा आक्रोश मायदेशी पोहोचविणे हे वृत्तपत्राचे केवढे मोठे कार्य आहे, हे यावरून ध्यानी येते.

१९१६ साली राजद्रोहाच्या संशयावरून सरकारने बाबूरावांना पकडले व सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्ध ठेवले. १९२० मध्ये सुटका झाल्यावर ते काशीस परतले. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला शिवप्रसाद गुप्त यांचे ‘आज’ हे दैनिक सुरू झाले आणि बाबूरावांच्या लेखणीने ते नावारूपास आले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी केली, तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे पत्रक गुप्तपणे निघू लागले. त्यामागेही त्यांचा हात होता. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ यांसारखे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९३८ मध्ये सिमल्याच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाकडे आले. १९४३ ते १९४७ ही वर्षे ‘संसार’ पत्रात घालवून ते पुन्हा ‘आज’मध्ये आले आणि १२ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. काशीतील पराडकर स्मृती भवन त्यांची आठवण जपून आहे.

आपली मुले परक्या भाषेत वाढली तर ती आपली राहतील का, ही चिंता घरापासून दूर असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला वाटते. ज्या भूमीचे अन्न खाल्ले तिची भाषा समृद्ध करावी आणि मायबोलीचा धागाही सोडू नये, हे एकाच आयुष्यात साधते, असे बाबूरावांचे चरित्र सांगते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांचे स्मरण करावे, ते याचसाठी.