मखदूम फकीह अली माहिमी (रह.) : उपासनेत बुद्धीचे स्थान



मुंबईतील जे. जे. उड्डाणपुलाला ज्यांचे नाव दिलेले आहे आणि माहीमच्या ज्यांच्या दर्ग्यात दरवर्षी डिसेंबरमध्ये भरणाऱ्या उत्सवात संदलचा पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, ते मखदूम अली माहिमी (रह.) आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या करामतींच्या कथा आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत. परंतु कोकणच्या या सुपुत्राने अरबी भाषेत कुरआनचे संपूर्ण भाष्य लिहिले आणि शरीअतच्या आदेशांमागील हिकमती उलगडणारा स्वतंत्र ग्रंथही रचला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आज घोरावाडी, तळेगाव, लोणावळा या पट्ट्यातील आपली मुले महाविद्यालयांत शिकतात आणि घरी येऊन विचारतात की मगरिबच्या रकअती तीनच का, पाणी नसताना चेहऱ्यावर मातीचा हात फिरवून पवित्रता कशी येते. या प्रश्नांना सामोरे जाण्यासाठी या महापुरुषाच्या जीवनाकडे पुन्हा एकदा पाहणे अगत्याचे आहे.

चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे त्यांचा जन्म हि. 776 (इ.स. 1374) मध्ये माहीम येथे झाला. घराणे नवाइत, म्हणजे अरबस्तानातून समुद्रमार्गे येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्यांच्या वंशातील. त्यांचे पिता शेख अहमद हे विद्वान गृहस्थ होते. माता फातिमा या एका नाखुदाच्या कन्या. या मातेविषयीची एक कथा आपण ऐकलीच असेल. रात्री तिने पाणी मागितले. पुत्र पेला घेऊन आला तो तिचा डोळा लागलेला. तिची झोप मोडू नये आणि जागी होताच तिला पाणी मिळावे, म्हणून तो पहाटेपर्यंत पेला हातात धरून तसाच उभा राहिला. आज माहीमच्या दर्ग्यात माता आणि पुत्र यांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत.

दुसरी कथा अशी की, ह. खिज्र (अलै.) समुद्रकिनारी येऊन या बालकाला शिकवीत असत. या कथेला सनद मागणे व्यर्थ आहे. लोकस्मृतीचे ते काम नव्हे. तरी आपण क्षणभर विचार करावा की लोकांनी या विद्वानाच्या गुरुस्थानी नेमके ह. खिज्र (अलै.) यांनाच का कल्पिले असावे. कुरआनच्या सूरह अल-कहफमध्ये ह. मूसा (अलै.) त्यांच्याबरोबर प्रवास करतात. नावेला भोक पाडले जाते, पडणारी भिंत मोबदला न घेता उभारली जाते, आणि ह. मूसा (अलै.) यांची बुद्धी प्रत्येक वेळी हरकत घेते. अखेरीस कारणे सांगितली जातात तेव्हा कळते की जे अकारण वाटले त्यामागे कारण होते. केवळ ते पाहणाऱ्याच्या दृष्टीपलीकडे होते. हिकमतीचा शोध घेणाऱ्या माणसाला याहून योग्य गुरू लोकांना तरी कोणता सुचावा!

त्या काळी माहीम गुजरातच्या सल्तनतीत होते. सुलतान अहमदशाह (पहिला) याच्या कारकिर्दीत मखदूम साहेब तेथील मुस्लिमांचे काझी होते. त्यांच्या नावापुढे लागणारी फकीह ही उपाधी याच कार्याची खूण आहे. फिकह या अरबी शब्दाचा मूळ अर्थच खोलवर समजून घेणे असा आहे. ते शाफई मजहबाचे होते आणि त्या मजहबाच्या फिकहवरील त्यांची पुस्तिका फिकहे मखदूमी या नावाने ओळखली जाते. दुसरीकडे इब्ने अरबी (रह.) यांच्या फुसूसुल हिकम या गहन सूफी ग्रंथावरही त्यांनी भाष्य लिहिले. गूढ चिंतनात बुडालेल्यांचे शरीअतच्या साध्या आदेशांकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे मात्र तोच लेखक साक्षी-पुराव्यांची छाननी करीत होता आणि वुजू-नमाजचे नियमही लिहीत होता.

वाचकहो, त्यांच्या भाष्याचे नाव तब्सीरुर्रहमान. त्यातील एक वैशिष्ट्य आपण अवश्य ध्यानी घ्यावे. कुरआनच्या 114 सूरहांपैकी 113 सूरहांच्या आरंभी बिस्मिल्लाह आहे. शब्द तेच आणि क्रमही तोच. मखदूम साहेब मात्र प्रत्येक सूरहच्या आरंभी त्या सूरहच्या नावाचे कारण सांगतात आणि बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरहच्या विषयाला धरून नव्याने उलगडतात. त्याचप्रमाणे एक आयत संपून दुसरी सुरू होते तेव्हा त्या दोहोंमधील दुवा ते दाखवीत जातात. शाफई मजहबात बिस्मिल्लाह ही सूरह अल-फातिहाचीच आयत मानली जाते. म्हणजे दिवसाच्या 17 फर्ज रकअतींत ती किमान 17 वेळा उच्चारणे शाफई नमाजीला आवश्यक आहे. आपल्या परिसरात घाट चढून आलेली कोकणी कुटुंबे शाफई आणि बाकीचे बहुतेक हनफी. एक बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणतो, दुसरा मनात. दोघांनाही हा प्रश्न सारखाच लागू आहे की, रोज उच्चारलेल्या त्या शब्दांवर आपली बुद्धी कधी थांबली का? वह्यने शब्द दिले. त्यांत घट-वाढ करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या शब्दांचा अर्थ शोधण्याचे द्वार बंद झालेले नाही, हे या भाष्याने पानोपानी दाखविले.

त्यांचा दुसरा ग्रंथ इनआमुल मलिकिल अल्लाम. शरीअतच्या आदेशांमागील हिकमती हा त्याचा विषय. या विषयावर शाह वलीउल्लाह देहलवी (रह.) यांचा हुज्जतुल्लाहिल बालिगा हा ग्रंथ जगप्रसिद्ध आहे; परंतु शाह साहेबांचा काळ अठराव्या शतकाचा. त्यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी माहीमच्या किनाऱ्यावर एका काझीने याच विषयाला हात घातला होता. अर्थात ही वाट त्यांच्या मजहबात नवी नव्हती. इमाम गजाली (रह.) यांनी नमाजच्या अंतरंगावर लिहिले होते, इज्जुद्दीन इब्ने अब्दिस्सलाम (रह.) यांनी आदेशांमागील हिताची मीमांसा केली होती. त्या परंपरेतले एक पाऊल कोकणात पडले.

आता येथे एक सूक्ष्म भेद समजून घेतला पाहिजे, कारण त्यावाचून हिकमतीची चर्चा घातक ठरू शकते. उसूलचे विद्वान इल्लत आणि हिकमत यांत फरक करतात. इल्लत म्हणजे ज्यावर आदेश अवलंबून असतो ते निश्चित कारण. हिकमत म्हणजे त्या आदेशातून साधणारे हित. हा फरक आपण त्या काळच्या माहीम बंदरावरच पाहू. उदाहरण मखदूम साहेबांच्या ग्रंथातील नाही, केवळ आपल्या सोयीसाठी घेतले आहे. दूरच्या सफरीवर निघालेला एक व्यापारी शांत समुद्रात गलबताच्या सावलीत विसावला आहे. त्याला जुहरच्या चारऐवजी दोन रकअतींची सवलत आहे. धक्क्यावर दिवसभर गोणी वाहून ज्याची पाठ मोडली आहे, त्या हमालाला मात्र पूर्ण चार रकअती अदा करावयाच्या आहेत. सवलतीमागील हिकमत कष्ट हलके करणे ही आहे हे खरे. पण आदेश बांधलेला आहे तो प्रवासाशी. प्रवास मोजता येतो, कष्ट मोजता येत नाहीत. प्रत्येकाने स्वतःच्या थकव्यावरून रकअती ठरविल्या असत्या, तर एका सफमध्ये दोन माणसे एकत्र नमाज अदा करू शकली नसती. म्हणून हिकमत कळली तरी आदेश तिच्या हवाली करता येत नाही.

तरीही उपासनेतून बुद्धी हद्दपार झालेली नाही. तोच व्यापारी नमाजला उभा राहताना किब्ला कसा ठरवितो? काबागृहाकडे तोंड करण्याचा आदेश वह्यने दिला. परंतु भर समुद्रात काबागृह कोणत्या दिशेला आहे हे त्याला सूर्य आणि तारे पाहून स्वतःच्या बुद्धीने शोधावे लागते, आणि हा शोध त्याच्यावर बंधनकारक आहे. इतकेच नव्हे, ज्याची बुद्धी शाबूत नाही त्याच्यावर नमाज फर्जच नाही. अल्लाहने उपासनेचे ओझे बुद्धीच्याच खांद्यावर ठेवले आहे. मग तिला मशिदीच्या दाराबाहेर चपलांजवळ ठेवून येण्यास आपण कसे सांगावे?

आज आपल्या घरांत दोन चुका होताना दिसतात. मुलाने प्रश्न विचारला की काही वडीलधारी मंडळी त्याला गप्प करतात. प्रश्न विचारणे म्हणजे ईमानची कमतरता, असे त्याच्या मनावर ठसते आणि हळूहळू तो प्रश्नांसह नमाजही सोडून देतो. दुसरीकडे काही जण नमाजला व्यायाम आणि रोजाला वजन उतरविण्याचा उपाय ठरवून मुलाचे समाधान करू पाहतात. पण व्यायामासाठी व्यायामशाळा अधिक सोयीची आहे, हे तो उद्या ओळखणारच. ह. उमर (रजि.) यांनी हजरे अस्वदचे चुंबन घेताना स्पष्ट केले होते की हा दगड लाभ वा हानी करू शकत नाही हे आपण जाणतो, प्रेषित (स.) यांना चुंबन घेताना पाहिले, म्हणूनच आपण घेत आहोत. बुद्धी पूर्ण जागी होती आणि मस्तकही झुकलेले होते. तयम्मुमची मातीही अशीच आहे. ती शरीर स्वच्छ करीत नाही हे डोळ्यांना दिसते. तरी पाणी नसले म्हणून दासाला आपल्या पालनकर्त्यासमोर उभे राहण्यापासून ती अडवू देत नाही. मगरिबच्या रकअती तीनच का, याचे उत्तर आपल्याजवळ नसेल तर मुलाला तसे प्रांजळपणे सांगावे, आणि ज्याने त्या शिकविल्या त्या प्रेषितांच्या सत्यतेची ओळख त्याला करून द्यावी. बुद्धीने ज्याला सत्य म्हणून ओळखले, त्याचे सांगणे ऐकणे हे बुद्धीचेच काम आहे.

मखदूम साहेबांच्या अखेरच्या वर्षांत माहीमच्या ताब्यासाठी बहमनी आणि गुजरातच्या फौजा लढल्या. हि. 835 (इ.स. 1431-32) मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्या फौजांची निशाणे केव्हाच धुळीस मिळाली. तब्सीरुर्रहमान मात्र साडेचारशे वर्षांनंतर हि. 1295 (इ.स. 1878) मध्ये इजिप्तमधील बुलाक येथे छापले गेले आणि अरबी वाचणाऱ्यांच्या हाती पोहोचले. ज्या कोकण-देशावर ते लिहिले गेले, तेथील आपण मात्र त्यांच्या कबरीवरील चादरीचा रंग अधिक जाणतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी माहीमला गेलात तर फातिहा जरूर पढा. आणि पढताना बिस्मिल्लाहवर क्षणभर थांबा. सोबत मूल असेल तर त्याला सांगा की येथे विसावलेल्या माणसाने या एका वाक्यावर 113 वेळा विचार केला. तो मूल काही विचारील. त्याला विचारू द्या.

अल्लाह आपणा सर्वांना जाणत्या मनाने सजदा करण्याची तौफिक देवो. आमीन.